आमच्या स्वयंपाकघरातला दगड : पाट्यापासून ग्रॅनाइटच्या ओट्यापर्यंत

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला, तेव्हा मी रात्रीची झाकपाक करून ओटा पुसत होते. विषय कोणता म्हणून त्यांनी विचारले, तर हातातल्या फडक्याकडे पाहत मी म्हटले, "ओट्यावरच लिहिते." त्या हसल्या. म्हणाल्या, "अहो, आगाशीचा इतिहास लिहा. भवानीशंकराचे देऊळ आहे, पोर्तुगीज आहेत, चिमाजीअप्पा आहेत. ओट्याचा कसला आला आहे इतिहास?"

त्यांचे म्हणणे एका परीने खरे आहे. १५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजीअप्पांनी ती घेतली, हे आपल्या भागातील शाळेत जाणारे प्रत्येक मूल सांगेल. त्यावर लिहिणारे विद्वान पुष्कळ आहेत. परंतु माझ्या पन्नास वर्षांच्या संसारात मी किल्ल्यावर गेले असेन फार तर दहा वेळा, आणि ओट्यापाशी उभी राहिले आहे दिवसातून चार-पाच तास. जिथे बाईचे निम्मे आयुष्य गेले, त्या जागेचा इतिहास कोणी लिहिला नाही म्हणून तो नाही असे थोडेच आहे? तो आपण लिहिला नाही तर दुसरे कोण लिहिणार? म्हणून हा अल्पसा प्रयत्न. यात जे चुकले असेल ते आपण पदरात घ्याल अशी आशा आहे.

प्रारंभ दगडापासूनच करावा लागेल. आपली आगाशी वाड्यांची, केळी-नारळांची आणि वाळूमिश्रित मातीची. तरी पूर्वेकडे नजर टाकली की जीवदानीचा आणि तुंगारेश्वराचा डोंगर दिसतो. हे सगळे डोंगर काळ्या दगडाचे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या भेगांतून वाहिलेला लाव्हारस थरावर थर थिजून हा दगड झाला. शास्त्रज्ञ त्याला बेसॉल्ट म्हणतात, आपण नुसता काळा दगड म्हणतो. वसईच्या या दगडाचा लौकिक मोठा होता. जुन्या गोव्यातील बॉम जीझस या चर्चचे काम १५९४ साली सुरू झाले व १६०५ साली ते पुरे होऊन पवित्र करण्यात आले. त्याच्या दर्शनी भागावरील कोरीव कामासाठी वसईकडचा काळा दगड समुद्रमार्गे नेण्यात आला होता. तिथे जाणारे प्रवासी ते काम पाहून आजही माना डोलावतात.

पण हाच काळा दगड आपल्या स्वयंपाकघरातही होता. पाटा-वरवंटा, जाते, उखळ, रगडा हे सगळे त्याचेच. चर्चच्या दगडाची नोंद झाली, पाट्याच्या दगडाची झाली नाही. मी लग्न होऊन १९७४ साली आगाशीला आले, तेव्हा आमच्या स्वयंपाकघरात मागच्या दारापाशी एक पाटा होता. तो सासूबाईंच्या सासूबाईंचा. मधोमध इतका झिजला होता की पाणी ओतले तर ओंजळभर त्यात राही. तीन पिढ्यांचे ओले खोबरे, मिरच्या, धणे आणि हळकुंडे त्या खळग्यातून गेली होती.

या पाट्याची निगा कशी राखायची ते सासूबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात दाखविले. पाट्याला साबण लावायचा नाही, कारण दगड साबण पितो आणि दुसऱ्या दिवशीच्या चटणीला तो वास देतो. नुसते पाणी आणि नारळाचे सोडण. मासळीच्या कालवणाचे वाटण झाले की पाणी घालून दोनदा घासायचे, पाटा भिंतीला उभा करून निथळू द्यायचा. आणि गुळगुळीत झाला की टाकी लावून घ्यायची. त्या काळी वाडीवाडीतून टाकी लावणाऱ्या बाया येत. "पाट्याला टाकीऽऽ, जात्याला टाकीऽऽ" अशी हाक ऐकू आली की आम्ही सुना पाटा ओढत अंगणात आणीत असू. छिन्नी-हातोडी घेऊन ती बाई पाट्यावर बारीक बारीक ठिपक्यांच्या ओळी उठवी. टाकी लावलेल्या पाट्यावर आधी मूठभर तांदूळ वाटून ते टाकून द्यायचे, म्हणजे दगडाची कच जेवणात येत नाही. ही गोष्ट कोणत्याही पुस्तकात मी वाचली नाही. परंतु घरोघरच्या बायकांना ती ठाऊक होती.

मला येथे एवढेच सांगावयाचे आहे की, दगडाचा स्वभाव ओळखून त्याची निगा राखणे ही विद्या आपल्याकडे होती. तो दगड खरबरीत ठेवण्यात शहाणपण होते. आजचा दगड गुळगुळीत राखण्यात आहे. दगड बदलला, आणि मधल्या काळात आपली विद्या मात्र दुकानदाराच्या हाती गेली. ती परत घ्यावी, यासाठी हा लेखनप्रपंच.

त्या वेळी ओटा नव्हता. म्हणजे ओटा होता, पण तो घराबाहेर, अंगणाच्या कडेला. पुरुषमंडळी त्यावर बसून पान खात, सुकेळ्यांच्या भावाच्या गोष्टी करीत. स्वयंपाक चालत असे जमिनीवर. मातीची चूल, शेजारी वैल, समोर पाट टाकून बसायचे. विळी जमिनीवर, खवणी जमिनीवर, पाटा जमिनीवर. सकाळी उठले की चुलीतली राख काढायची, चुलीला पोतेरे द्यायचे, भोवतालची जमीन शेणाने सारवायची. राख भांडी घासायला उपयोगी पडे. काही वाया जात नसे, हे खरे. पण धुराने डोळे लाल होत, आणि दिवसातून पन्नास वेळा उठबस करावी लागे, हेही तितकेच खरे. जुन्या काळाचे गोडवे गाताना आपण हे विसरतो. माझ्या सासूबाई पंचावन्नाव्या वर्षी गुडघे धरून उठत.

बाईने उभे राहून स्वयंपाक करावा ही कल्पना आपल्याकडे हळूहळू आली. युरोपात पहिल्या महायुद्धानंतर या विषयाचा पद्धतशीर विचार झाला. १९२६ साली मार्गारेटे शुट्टे-लिहोट्स्की या वास्तुशिल्पी महिलेने जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक आटोपशीर स्वयंपाकघर आखले. गृहिणीची पावले किती पडतात, कोणत्या कामाला किती वेळ लागतो, हे मोजून त्यांनी ओटा, मोरी आणि फळ्या यांच्या जागा ठरविल्या. अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तेथे बांधली गेली. एका स्त्रीने हे काम केले, याचा आपणा सर्वांना अभिमान वाटावा.

आपल्याकडे ओटा आणला तो मुख्यत्वेकरून गॅसने. रॉकेलचा स्टोव्ह जमिनीवर ठेवूनही चाले. आम्ही कितीतरी वर्षे पाटावर बसून स्टोव्हला पंप मारला आहे. गॅसचे तसे नाही. शेगडी सिलिंडरपेक्षा उंचावर असावी असा दंडक आहे. मुंबईत बर्मा-शेल कंपनीने स्वयंपाकाचा गॅस १९५५ साली आणला, आणि इंडेन गॅसची पहिली जोडणी १९६५ साली कलकत्त्यास झाली. आमच्या घरी गॅस आला १९७९ साली. नंबर लावून तीन वर्षे वाट पाहिली होती. सिलिंडर येणार असे कळल्यावर प्रथम गवंड्याला बोलावणे गेले, आणि अंगणातला ओटा जणू उंबरा ओलांडून घरात आला. फरक इतकाच की बाहेरचा ओटा पुरुषांच्या बसण्याचा, आतला आमच्या उभे राहण्याचा.

हा पहिला ओटा कडप्प्याचा होता. खाली दोन उभ्या लाद्या, वर एक आडवी. जमिनीला शहाबादी फरशी. आपल्यापैकी बहुतेकींच्या जुन्या घरांत हीच जोडी असेल. ही जोडी कशी जमली, ते पाहण्यासारखे आहे. शहाबाद हे गाव कर्नाटकात कलबुर्गी जिल्ह्यात, आणि कडप्पा आंध्र प्रदेशात. मुंबईहून निघालेला लोहमार्ग आणि मद्रासहून निघालेला लोहमार्ग हे १८७१ साली रायचूरला एकमेकांस मिळाले. शहाबाद आणि कडप्पा ही दोन्ही स्थानके त्याच मार्गावर आहेत. आपल्या विरारहून मुंबईस तर १८६७ सालापासूनच गाडी होती. ज्या दगडाच्या खाणीजवळून आगगाडी गेली, तो दगड शेकडो मैलांवरच्या घरात पोचला. आपल्या डोंगराच्या काळ्या दगडाच्या अशा पातळ सपाट लाद्या निघत नाहीत. शहाबादी आणि कडप्पा मात्र थरांचे दगड असल्याने त्यांच्या लाद्या सहज सुटतात.

दिसायला कडप्पाही काळाच. म्हणून मला वाटले, हा पाट्याचाच भाऊ. येथे माझी पहिली फजिती झाली.

ते वर्ष बहुधा १९८० असावे. दिवाळी चार दिवसांवर आली होती. तांब्या-पितळेची सगळी भांडी काढून मी नव्या ओट्यावर मांडली आणि चिंच-मीठ लावून घासायला बसले, चुकले, उभी राहिले. उभ्याने काम करण्याचा आनंद नवा होता. चिंचेचा कोळ ओट्यावर तसाच ठेवून मी मध्येच वाडीत गेले ती अर्ध्या-पाऊण तासाने परत आले. भांडी लखलखत होती. ओट्यावर मात्र जिथे जिथे कोळ सांडला होता तिथे तिथे पांढुरके, खरखरीत डाग पडले होते. मी घासले, पुन्हा घासले, डाग निघेनात. निघणार कसे? ते डाग नव्हतेच. दगडच खाल्ला गेला होता. सासूबाईंनी बोट फिरवून पाहिले आणि एवढेच म्हणाल्या, "पाट्यावर चिंच वाटली तर काही होत नाही, मग याला का झाले?"

त्या प्रश्नाचे उत्तर मला बऱ्याच वर्षांनी शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात मिळाले, तेही मुलीचा अभ्यास घेताना. कडप्पा, शहाबादी, कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड. चुनखडीवर आम्ल पडले की ती विरघळते. चिंच, लिंबू, आमसूल, ताक, टोमॅटो या सगळ्यांत आम्ल आहे. आपल्या काळ्या दगडात चुनखडी नाही, म्हणून पाटा तीन पिढ्या चिंच सोसून उभा. रंगाने दोन्ही काळे, पण स्वभाव वेगळे. कडप्प्याच्या ओट्यावर आंबट सांडले तर ताबडतोब पाण्याने पुसावे, लिंबू नेहमी ताटलीत चिरावे, आणि महिन्या-दोन महिन्यांनी खोबरेल तेलाचे अगदी थोडे बोट कोरड्या फडक्याने चोळून घ्यावे, म्हणजे त्याचा काळेपणा उजळतो. ज्यांच्या घरी अजून कडप्पा आहे त्यांनी तो जुना झाला म्हणून हिणवू नये. एवढे पथ्य पाळले तर तो आपल्या सुनांनाही पुरेल.

आता ग्रॅनाइटकडे येते. १९९० नंतर आपल्या वसई-विरारकडे इमारती भराभर उठल्या, आणि त्यांच्या स्वयंपाकघरांतून हा चकचकीत दगड दिसू लागला. विरारला भिशीला गेलेल्या बायका घरी येऊन सांगत, "ओट्यात तोंड दिसते." आमच्याकडे तो १९९८ साली आला. थोरल्या मुलाच्या लग्नाआधी घर दुरुस्त केले तेव्हा कडप्पा काढून ग्रॅनाइट बसविला. कडप्प्याची लादी मी टाकू दिली नाही. ती मागच्या अंगणात कपडे धुण्यासाठी बसविली आहे. चिंचेचे ते डाग अजून आहेत.

ग्रॅनाइट म्हणजे काय? तोही अग्नीतूनच निघालेला दगड, आपल्या काळ्या दगडासारखा. फरक थंड होण्यात आहे. आपला लाव्हा भूपृष्ठावर येऊन लवकर थिजला, म्हणून त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत. ग्रॅनाइटचा रस खोल पोटात अतिशय सावकाश निवला, म्हणून त्याचे कण मोठे झाले. साखरेचा पाक सावकाश निवू दिला की खडीसाखरेचे खडे धरतात, तसेच हे. त्या कणांत गारगोटी आहे, फेल्डस्पार आहे, अभ्रक आहे. खनिजांचा कठीणपणा मोजण्याची जी पट्टी फ्रीडरिक मोज यांनी १८१२ साली आखली, तिच्यात चुनखडीतील कॅल्साइटचा क्रमांक ३, फेल्डस्पारचा ६ आणि गारगोटीचा ७. पोलादी सुरी साधारण साडेपाचाच्या आसपास. म्हणून ग्रॅनाइटवर सुरीने चिरले तर ओट्याला काही होत नाही, सुरीच बोथट होते. फळीवर चिरावे ते ओट्यासाठी नव्हे, सुरीसाठी!

दक्षिणेतील पुष्कळ ग्रॅनाइट सुमारे अडीचशे कोटी वर्षांचे आहेत. आपल्याला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यातले इलकल गाव आपणा सर्वांना त्याच्या लुगड्यांमुळे माहीत आहे. इरकली लुगडे नेसलेली आपली आजी कोणाला आठवत नाही? त्याच इलकलच्या खाणींतून तांबडा-गुलाबी ग्रॅनाइट निघतो. ज्या गावाचे लुगडे आजीच्या अंगावर, त्याच गावचा दगड नातीच्या ओट्यावर. आणि काळ्यात सोनेरी ठिपके असलेला जो दगड हल्ली सर्वांना हवा असतो, तो ‘ब्लॅक गॅलेक्सी’ आंध्र प्रदेशातील ओंगोलजवळच्या चिमाकुर्ती येथील. गंमत अशी की शास्त्राच्या दृष्टीने तो ग्रॅनाइट नव्हेच. तो गॅब्रो नावाचा दगड, म्हणजे आपल्या काळ्या बेसॉल्टचा खोल पोटात निवलेला सख्खा भाऊ. बाजारात काळ्या ग्रॅनाइटच्या नावाने जे येते त्यातले बरेचसे याच कुळातले. म्हणजे आपण पाटा बाहेर काढला आणि नकळत त्याच्याच भावाला चकचकीत करून घरात घेतले.

काही दुकानांत फिक्या दगडाला काळा रंग चढवूनही विकतात. त्याची परीक्षा सोपी आहे. घेण्यापूर्वी लादीचा एक तुकडा मागून घ्यावा. पांढऱ्या फडक्यावर नखांचे पॉलिश काढण्याचे ॲसिटोन घेऊन चोळावे. फडके काळे झाले तर रंग दिलेला आहे. लिंबाचा थेंब दोन तास ठेवावा; तिथली झळाळी गेली तर दगडात चुनखडी आहे. आणि पाण्याचा थेंब पंधरा मिनिटे ठेवावा. खालचा दगड ओला, गडद दिसू लागला तर तो पाणी पितो, आणि पाणी पितो तो तेलही पितो. अशा दगडाला सीलर नावाचे द्रव्य लावून घ्यावे व थेंबाची ही परीक्षा वर्षातून एकदा करून, गरज वाटली तरच पुन्हा लावावे. दाट काळ्या दगडांना बहुधा त्याची गरजच पडत नाही. दर वर्षी लावलेच पाहिजे असे कोणी विकणारा सांगू लागला, तर त्याला आधी थेंब टाकून दाखवावा.

माझी दुसरी चूक मात्र हसण्यासारखी नाही. ती सांगावी की न सांगावी याचा मी बराच विचार केला. परंतु ती सांगितल्यावाचून हा लेख खरा होणार नाही.

आपल्या भागात विहिरीचे आणि कूपनलिकेचे पाणी जड. नळाभोवती व शेगडीच्या मागे पांढरी खरपुडी धरते. ती कशानेही निघेना, तेव्हा मी संडास धुण्याचे ॲसिड आणले. ग्रॅनाइटला आम्लाने काही होत नाही, असे अर्धवट ज्ञान होतेच. ते मी स्वतः लावले नाही. माझ्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या हातात बाटली दिली आणि पुढल्या दारी आलेल्या पाहुण्यांशी बोलत बसले. हाक आली म्हणून धावले, तर स्वयंपाकघरात नाकात जाणारा उग्र वास, नळाचा मुलामा काळवंडलेला आणि बाईंच्या उजव्या हाताची दोन बोटे लाल भाजलेली. विळीने कापलेली जखम होती तिथे ॲसिड गेले होते. पाण्याच्या धारेखाली हात पंधरा-वीस मिनिटे धरला, डॉक्टरांकडे नेले. आठ-दहा दिवसांत बोटे बरी झाली. ओट्यावर नळापाशी एक तळव्याएवढा निस्तेज पट्टा मात्र कायमचा राहिला. बाई मला रागावल्या नाहीत. नुसते म्हणाल्या, "बाई, आमच्या आईचा पाटा पाण्याशिवाय काही मागत नव्हता." मी अजूनही त्या पट्ट्यावरून फडके फिरवताना मान खाली घालते.

त्यानंतर मी या विषयाची नीट माहिती मिळवली. ती आपणा सर्वांच्या उपयोगी पडावी म्हणून येथे देते.

ती पांढरी खरपुडी म्हणजे पाण्यातला चुनाच. कडप्पा आपण काढला, पण त्याचेच द्रव्य नळातून पुन्हा ओट्यावर येऊन बसते! त्यावर औषध एकच : ओटा ओला ठेवू नये. रात्री शेवटचे पाणी पुसून कोरडे फडके फिरवले तर चुना धरतच नाही. धरलाच तर ओल्या फडक्याने तासभर भिजवून प्लास्टिकच्या जुन्या कार्डाच्या कडेने हळूच खरवडावा. रोजच्या सफाईला कोमट पाणी, भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब आणि मऊ सुती फडके पुरे. साबणाचा अंश राहिला तर त्याचा थर साचून झळाळी मंद होते, म्हणून साध्या पाण्याने पुन्हा पुसावे. लोखंडी घासणी, वाळू, राख यांचे काम नाही. राखेने भांडी घासली ती आपली पिढी. पण चकचकीत दगडावर ती चालवू नये.

तेलाचा डाग मुरला असेल तर खाण्याचा सोडा पाण्यात कालवून, लोण्याइतका घट्ट लेप करून डागावर थापावा, वर प्लास्टिकचा कागद चिकटवावा आणि दिवसभर राहू द्यावा. मग कागद काढून लेप वाळू द्यावा. वाळताना तो तेल ओढून घेतो. एकदा न निघाल्यास दोन-तीनदा करावे. हळद व आमसूल सांडताच पुसले तर राहत नाहीत. आपल्याकडे विशेष त्रास केळफुलाचा आणि कच्च्या केळ्यांचा. त्यांचा चीक वाळला की काळा पडतो व साबणाला दाद देत नाही. म्हणून केळफूल सोलायला घेण्यापूर्वी हाताला लावतो तसे ओट्यावरही कागद पसरून त्यावर तेलाचे बोट फिरवावे, आणि काम झाले की कागदासकट चीक उचलावा.

ग्रॅनाइट उष्णता सोसतो. परंतु उकळता टोप थेट थंड ओट्यावर, तोही मोरीच्या भांड्यासाठी कापलेल्या जागेजवळ, ठेवू नये. तिथली पट्टी अरुंद असते, तिला तडा जाण्याचा संभव असतो. त्याच पट्टीवर नारळ फोडणे, खलबत्ता कुटणे हे तर अजिबात नको. आडणी वापरावी. आडणी हा शब्द आपल्या सुनांना ठाऊक नसेल, तर वस्तू दाखवून शिकवावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे. ॲसिड ओट्यावर कधीही नको. गंज काढण्याच्या काही द्रव्यांत एक जहाल आम्ल असते, ते गारगोटीलाही खाते आणि हाडापर्यंत इजा करते. ब्लीचिंगचे पाणी आणि ॲसिड ही दोन एकत्र तर चुकूनही करू नयेत. त्यातून क्लोरिन हा विषारी वायू निघतो. ज्या वस्तूला आपण स्वतः हात लावणार नाही, ती दुसरीच्या हातात देऊ नये. हा नियम मी ओट्यावरून शिकले, पण तो ओट्यापुरता नाही.

निगेबद्दल बोलताना दगड कापणाऱ्यांचाही विचार व्हावा. आमचा ओटा बसविला तेव्हा कारागिरांनी अंगणातच लादी कापली. दोन दिवस तुळशीवर पांढरी धूळ साचली होती. ते दोघे तोंडाला नुसता रुमाल बांधून त्या धुळीत बसले होते, आणि आम्ही त्यांना चहा नेऊन देण्यापलीकडे काही केले नाही. गारगोटीची ती सूक्ष्म धूळ फुप्फुसात जाऊन बसते, तिने सिलिकोसिस होतो, आणि झालेला रोग परतत नाही. हल्ली क्वार्ट्झ म्हणून ज्या कारखान्यात बनविलेल्या लाद्या मिळतात, त्यांतल्या बहुतेकांत गारगोटीचा भाग नव्वद टक्क्यांच्या आसपास असतो. कारागिरांचे हाल पाहून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून अशा लाद्यांवर बंदी घातली. असे करणारा तो पहिला देश. आपण निदान इतके करू शकतो : लादी कापताना पाण्याची धार सोडायला लावावी, नीट मुखपट्टी द्यावी, आणि शक्य तर मोजमाप देऊन दुकानातूनच कापून आणावी.

ओट्याची उंची हीही आपणच ठरवावी. आमचा कडप्प्याचा ओटा गवंड्याने आपल्या अंदाजाने बांधला. गवंडी उंच होता, सासूबाई ठेंगण्या. पाटावर बसून गुडघे गेले म्हणून ओटा आला, आणि ओट्यापाशी पाट ठेवून त्यावर उभे राहून त्यांनी पुढली सोळा वर्षे पोळ्या लाटल्या! कोणी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही. ग्रॅनाइटच्या वेळी त्या नव्हत्या. मी मात्र गवंड्यापुढे उभी राहिले, हात कोपरात वाकवला आणि कोपराखाली सहा बोटे सोडून भिंतीवर कोळशाने रेघ मारली. घरातले सगळे हसले. पण त्या रेघेपाशी माझी पाठ आज सत्तरी उलटल्यावरही दुखत नाही.

परवा नातीने विचारले, "आजी, हा अंगणातला खड्डा पडलेला दगड कसला?" मी तिला पाटा उभा करून दाखविला, वरवंटा हातात दिला. तिने चार मिरच्या आणि खोबऱ्याचा तुकडा घेऊन वाटायला सुरुवात केली आणि पाचव्या मिनिटाला दमून बसली. "तुम्ही रोज हे करायचात?" एवढेच म्हणाली. चटणी मात्र बोटे चाटून खाल्ली. नंतर तिने पाटा धुवायला साबण आणला, तेव्हा मी तिचा हात धरला आणि सासूबाईंनी मला सांगितले होते तेच तिला सांगितले.

भगिनींनो, आपल्या मंडळात आपण पाककृतींची देवाणघेवाण करतो, रांगोळ्या शिकतो, हळदीकुंकू करतो. माझी एक सूचना आहे. पुढल्या वर्षी एका सभेत प्रत्येकीने आपल्या घरातल्या एका वस्तूची निगा कशी राखायची ते सांगावे. म्हाताऱ्यांनी पाट्याबद्दल सांगावे, तरुणींनी नव्या वस्तूंबद्दल, आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या भगिनींनाही अगत्याने बोलवावे. कारण आपल्यापेक्षा त्यांचे हात या दगडांना अधिक ओळखतात.

आपल्या मंडळाची अशीच उत्तरोत्तर भरभराट होवो, ही भवानीशंकराच्या चरणी प्रार्थना करून हे लिखाण पुरे करते. ओटा पुसायचा राहिला आहे.